वाफेवर गाणारें वाद्य

संगीत ही कोमल व एकांतांत आस्वादावयाची कला आहे, अशी आपल्यापैकीं बहुतेकांची समजूत असते. ज्या वाद्याचा स्वर हळुवार आणि ज्याचा कमावलेला वादक विरळा, तें वाद्य श्रेष्ठ. आणि ज्याचा आवाज कर्कश, जें जत्रेंत किंवा रस्त्यांत वाजतें, तें कनिष्ठ, असा निवाडा आपण फारसा विचार न करतां देऊन टाकतों. या निवाड्याविरुद्ध आज आम्ही एका परदेशी वाद्याचें वकीलपत्र घेत आहों. त्या वाद्याचें नांव कॅलायोपी. तें कोमल नाहीं, तें एकांतांत वाजवितां येत नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर तें पुरतें सुरांतही नसतें. तथापि तें वाजविण्यांत व ऐकण्यांत जो आनंद आहे, त्याचें मर्म ध्यानांत आलें, तर आपल्या घरांतील मुलांच्या गाण्याबजावण्याकडे आपण निराळ्या दृष्टीनें पाहूं लागूं, असें आम्हांस वाटतें.

कॅलायोपी म्हणजे वाफेच्या शिट्यांचा बाजा. जुन्या आगगाडीच्या वाफेच्या एंजिनाची शिटी आमच्या वाचकांपैकीं वडीलधाऱ्यांनीं तरी ऐकली असेलच. तशा प्रकारच्या लहानमोठ्या शिट्या रांगेनें मांडाव्या, प्रत्येकीस एक झडप असावी, आणि ती झडप बाजाच्या पेटीला असते तसल्या पट्टीनें उघडावी, कीं कॅलायोपी तयार झाली. पट्टी दाबली कीं बॉयलरमधील वाफ अरुंद फटींतून जोरानें निघते, शिटीच्या नळीच्या कांठावर आपटते, आणि नळी निनादूं लागते. बासरींत जें काम फुंकर करते, तेंच येथें वाफ करते. नळी जितकी आंखूड तितका स्वर उंच, जितकी लांब तितका खर्ज. लांबी निम्मी केली कीं स्वर सुमारें एक सप्तक वर चढतो.

हें वाद्य अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील वूस्टर या गांवीं राहणाऱ्या जोशुआ स्टॉडर्ड यानें सिद्ध केलें व १८५५ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत त्याचें पेटंट मिळविलें. त्याच्या पहिल्या यंत्रांत वादकाची गरजच नव्हती. एका लाटेवर खुंट्या ठोकलेल्या असत. लाट फिरूं लागली कीं त्या खुंट्या एकामागून एक झडपा उघडीत आणि ठरलेली चाल निघे. पुढें लाटेच्या जागीं पट्ट्या आल्या व मनुष्याच्या बोटांना काम मिळालें. देवळांवरील घंटांच्या ऐवजीं लोकांना प्रार्थनेस बोलाविण्याचें काम आपल्या वाद्यानें करावें, असा स्टॉडर्डचा मानस होता असें म्हणतात. तो कांहीं सिद्धीस गेला नाहीं. उलट, गांवाच्या हद्दींत हें वाद्य वाजवूं नये, अशी मनाई त्याच्याच गांवच्या नगरपालिकेनें केल्याची गोष्ट आजही सांगितली जाते. वाद्याच्या नांवाचीही एक मौज आहे. ग्रीक पुराणांतील नऊ कलादेवतांपैकीं वीरकाव्याची जी देवता, तिचें नांव कॅलायोपी. अर्थ 'सुंदर स्वराची'. सर्कशींतील लोकांनीं या भारदस्त नांवाचा उच्चार आपल्या सोयीनें 'कॅलिओप' असा करून टाकला. पंडितांची देवता जत्रेंत आली, म्हणजे तिचें असें कांहींतरी व्हावयाचेंच!

देवळानें जरी कॅलायोपीस घेतलें नाहीं, तरी नदीनें घेतलें. १८५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेंतील आगबोटींवर तिच्या शिट्या वाजूं लागल्या. मिसिसिपी आणि ओहायो या नद्यांच्या कांठीं वसलेल्या लहान गांवांतून करमणुकीची साधनें थोडीं. नाटक घेऊन येणारी तरंगती रंगभूमी किंवा सहलीची बोट अद्याप वळणापलीकडे असे, दिसतही नसे. पण तिचें गाणें कित्येक मैलांवरून ऐकूं येई. शेतांतील मजूर मान वर करी, मुलें धक्क्याकडे धांवत सुटत. वाफ बोटीच्या बॉयलरांत होतीच. तिच्यांतला थोडा वांटा गाण्यास मिळाला, एवढेंच. सर्कशीच्या मिरवणुकींतही या वाद्याचें स्थान ठरलेलें असे. हत्ती, घोडे व पिंजरे पुढें जात, आणि सर्वांच्या मागें, धूर सोडीत, कॅलायोपीची गाडी येई. ती शेवटीं ठेवण्यांत मालकाची युक्ति असे: तिच्या मागोमाग गांवांतील सारीं पोरें सर्कशीच्या तंबूपर्यंत आपोआप चालत जात. पुढें १९१० नंतरच्या दशकांत वाफेऐवजीं दाबाच्या हवेवर वाजणाऱ्या कॅलायोपी निघाल्या. त्या हलक्या, स्वस्त व सुरास अधिक नेमक्या होत्या. पण जुन्या वाद्याच्या प्रेमिकांना विचाराल, तर ते म्हणतील कीं खरी कॅलायोपी वाफेचीच.

आतां वादकाची स्थिति पाहावी. बोटीवरील वादक सर्वांत वरच्या छपरावर, उघड्यावर उभा. वाफेचा दाब झडपेस आंतून लावून धरतो, म्हणून पट्टी जड. पट्ट्या बहुधा पितळेच्या. वाफेनें त्या इतक्या तापतात कीं हातमोजे घालावे लागतात. शिट्या अगदीं जवळ, म्हणून कानांत कापूस. वर वाफ थंड होऊन तिचे ऊन थेंब अंगावर पडतात, तो त्रास निराळाच. आणि एवढें सोसून वादकाच्या हातीं काय येतें? ज्या वाद्यावर हळू वाजवितां येत नाहीं, असें वाद्य! पट्टी हलकेच दाबा कीं जोरानें, शिटी एकाच जोरानें ओरडणार. शिवाय तिचा सूर एका जागीं राहत नाहीं. तप्त वाफेंत ध्वनि हवेपेक्षां अधिक वेगानें जातो. त्यामुळें शिटी तापत जाते तसतसा तिचा स्वर चढतो, आणि नळींत पाणी सांचलें वा वाफ निवाली कीं तो बिघडतो. वारंवार वाजणारी शिटी गरम, क्वचित् वाजणारी थंड. मग दोघींचें जमावें कसें? म्हणून जाणता वादक प्रथम एकेक शिटी वाजवून आंतील पाणी उडवून देतो, सर्वांना ऊब देतो, आणि मगच चाल धरतो. नाजूक गीतांच्या वाटेस तो जात नाहीं. कूचगीतें, नाचाच्या चाली, लोकांच्या ओठीं असलेलीं साधीं गाणीं, हाच त्याचा संग्रह. स्वर लहानमोठा करतां येत नसेल, तर तो लांब किंवा आंखूड तर करतां येतो, आणि दोन स्वरांमध्यें क्षणभर थांबतां येतें. एवढ्याच सामग्रीवर तो गाण्यांत जीव ओततो.

येथें कोणी रसिक वाचक विचारतील, "याला संगीत म्हणावें काय?" हा प्रश्न आपणांस अगदींच नवा नाहीं. आपल्या बाजाच्या पेटीसही तो एकदां विचारण्यांत आला होता. पेटीचे स्वर बांधलेले. तिच्यावर मींड निघत नाहीं, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखवितां येत नाहींत, हा तिच्यावरील आक्षेप. तो आक्षेप इतका वजनदार ठरला कीं १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें पेटीस आपल्या कार्यक्रमांतून बाहेर काढलें, आणि १९७१ सालापर्यंत तिला तो दरवाजा बंद होता. आक्षेप खोटा होता काय? मुळींच नाहीं. पेटींत ते दोष आहेतच. पण त्याच काळांत महाराष्ट्रांतील भजनीं मंडळें पेटीवरच गात होतीं, कीर्तनकार तिच्याच आधारानें उभे राहत होते, आणि असंख्य घरांतील मुलें 'सा' कोठें आहे हें तिच्याच पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवर शोधीत होतीं. गोविंदराव टेंब्यांसारख्या गुणी वादकाच्या बोटांखालीं तर या सदोष वाद्यानें मोठमोठ्या जाणत्यांनाही डोलावयास लाविलें. वाद्याची परीक्षा एक आहे व आनंदाची परीक्षा दुसरी. पहिलींत नापास झालेलें वाद्य दुसरींत पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होऊं शकतें.

कॅलायोपीचा आनंद आमच्या मतें दोन गोष्टींत आहे. तिला तिकीट नाहीं, ही पहिली. ज्याला बोटीवर चढण्यास पैसे नाहींत, ज्याला काम टाकून येतां येत नाहीं, जो आजारी म्हणून अंथरुणास खिळला आहे, त्या सर्वांच्या कानीं तेंच गाणें त्याच वेळीं पडतें. दुसरी गोष्ट वादकाची, आणि ती आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. कॅलायोपीवर कांहीं लपवितां येत नाहीं. एक पट्टी चुकली, तर ती चूक नदीच्या दोन्ही तीरांना एकदमच कळते. तिच्यावर घरांत बसून गुपचूप सराव करण्याची सोयच नाहीं. तरीही माणसें तें वाद्य शिकलीं, चुकलीं, आणि सर्वांच्या देखत पुढें वाजवीत राहिलीं. चुकीनंतरचा स्वर वेळेवर वाजविणें, ही विद्या या वाद्यानें जितकी शिकविली तितकी दुसऱ्या कोणत्या वाद्यानें क्वचितच शिकविली असेल.

आमच्या मनांतील खरी काळजी येथेंच आहे. आज घरोघरीं, किंबहुना खिशांत, जगांतील उत्तमोत्तम गायकवादकांचें निर्दोष संगीत हवें तेव्हां ऐकावयास मिळतें. हें मोठें भाग्य आहे. परंतु या भाग्याचा एक परिणाम असा झाला आहे कीं नवशिक्याचा बेसूर आपणांस सोसवेनासा झाला. मुलगी पेटी घेऊन बसली आणि तीच ओळ दहा वेळां चुकली, कीं आंतून आवाज येतो, "पुरे आतां, अभ्यास कर." मुलानें बासरी हातीं घेतली, कीं कोणी हंसून म्हणतें, "तुझ्या हातून हें होणें नाहीं." मूल शहाणें असतें. तें बासरी खालीं ठेवतें आणि कानांत यंत्र घालून दुसऱ्याची बासरी ऐकूं लागतें. घरांत शांतता होते. मात्र त्या घरांतला एक वादक कमी होतो आणि एक श्रोता वाढतो. पालकांना आम्ही नम्रपणें विचारतों: दहा वर्षांच्या मुलाच्या फुंकरीकडून आपण उस्तादाच्या सुराची अपेक्षा कां करावी?

आमच्या म्हणण्याचा कोणी विपर्यास मात्र करूं नये. उत्सवांत रात्र रात्र भिंती हादरविणाऱ्या ध्वनिक्षेपकांची तरफदारी आम्ही करीत आहों, असें कोणास वाटेल, तसें नाहीं. मोठा आवाज हा कांहीं स्वतः गुण नव्हे. स्टॉडर्डच्या शेजाऱ्यांनीं तक्रार केली असेल, तर ती अगदींच गैरवाजवी होती असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु दोहोंत भेद आहे. कॅलायोपी बोट सुटण्याच्या सुमारास थोडा वेळ वाजते आणि थांबते. तिच्या प्रत्येक स्वरामागें एका माणसाचें भाजणारें बोट असतें. ध्वनिक्षेपक एकदां लावला कीं लावणारा निघून जातो आणि यंत्र ओरडत राहतें. जेथें माणूस वाजवितो तेथें त्याला थकवा येतो, लाज वाटते, समोरच्याचा चेहरा दिसतो. म्हणून तेथें मर्यादा आपोआप येते.

वाफेची आगबोट तिच्या मूळ कामांतून केव्हांच निवृत्त झाली. माल आगगाडीनें व मोटारीनें जाऊं लागला, बोटींवर तेलाचीं यंत्रें आलीं, सर्कशीच्या मिरवणुकी बंद पडल्या. व्यवहाराच्या हिशेबानें पाहतां कॅलायोपी आज कोठेंच उरावयास नको होती. तरी १९१४ सालीं बांधलेली 'बेल ऑफ लुइव्हिल' ही बोट अद्याप ओहायो नदींत चालते व तिच्या छपरावर कॅलायोपी आहे. आणि न्यू ऑर्लीन्सकरितां १९७५ सालीं, म्हणजे वाफेचें युग संपून गेल्यावर, 'नॅचेझ' नांवाची वाफेची बोट नव्यानें बांधली, तेव्हां तिच्यावरही हें वाद्य बसविण्यांत आलें. हातमोजे घालून त्या तापलेल्या पट्ट्यांपुढें उभे राहणारे वादक आजही मिळतात, आणि त्यांचें बेसूर, आनंदी गाणें ऐकण्यास धक्क्यावर माणसें थांबतात. ज्या वस्तूचा उपयोग संपला तरी जी लोक टाकून देत नाहींत, तिच्यांत उपयोगाहून अधिक असें कांहीं असलेंच पाहिजे.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनांत बक्षीस मिळविणाऱ्या गायकवादकांस आपण टाळ्या देतोंच. त्याच व्यासपीठावर अर्धा तास अशा मुलांसाठीं राखून ठेवावा, ज्यांना बक्षीस मिळण्याचा संभव नाहीं, पण वाजविण्याची हौस आहे. कोणी पेटी आणावी, कोणी बासरी, कोणी ताशा, कोणी नुसती झांज. परीक्षक नसावेत, गुण नसावेत. चूक झाली तर हंसूं नये, आणि वाजविणाऱ्यानें थांबूं नये. पालकांनींही घरीं रोज घटकाभर तेवढी मुभा द्यावी. शेजारच्या खोलींतून चुकलेला स्वर ऐकूं आला, तर दार लावून घेण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. त्याच्या पुढचा स्वर कदाचित् बरोबर येईल.