पानाचा पारा

एप्रिल उजाडला की चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याचा पारा किती चढला याच्या बातम्या रोज येतात. तो पारा हवेचा, तोही सावलीतला. शेंड्यावर भर उन्हात असलेले पान किती तापले, हे कोणी विचारत नाही. जंगलाचे भवितव्य मात्र त्या पानावर ठरते.

पुण्याच्या ‘आयसर’ या विज्ञान संस्थेतील संशोधकांनी आपल्याकडच्या पानगळीच्या जंगलांतल्या १२ वृक्षजातींची रोपे वाढवून त्यांची पाने किती उष्णता सोसतात हे मोजले. २०१८ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा निम्मी निकामी व्हायला सर्वांत नाजूक जातीला ४४.५ अंश पुरले, सर्वांत चिवट जातीला ४८.१ अंश लागले. आपल्या उन्हाळ्यापासून हे आकडे दूर नाहीत. पाणी तोडलेल्या रोपांची पाने जास्त उष्णता सोसतात, हेही त्यात दिसले.

म्हणून दुष्काळाने झाडे कणखर होतात, असे समाधान कोणी मानून घेऊ नये. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहते, पानाचेही तेच. मातीतली ओल संपली की पान आपली रंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण पाझर थांबतो आणि उन्हातले पान भोवतीच्या हवेपेक्षा अधिक तापते. शिवाय मिटलेल्या रंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, म्हणजे अन्न बनणेच थांबते. पान जिवंत असते, पण झाड साठवणीवर दिवस काढत असते.

साग, पळस पाने टाकून मोकळे होतात. कुसुमाला मात्र ऐन चैत्रात लालबुंद पालवी फुटते, पावसाला अजून दोन-अडीच महिने असताना. जमिनीत खोलवर उरलेल्या ओलीवरच हा सारा डोलारा उभा असतो. लागोपाठ दोन पावसाळे हुकले आणि भोवतीच्या बोअरवेल खोल खोल गेल्या, तर ती पालवी कशावर तगणार?

‘आयसर’च्या त्या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळी आहे. पातळ पानांच्या, भराभर अन्न बनवणाऱ्या जाती उष्णतेपुढे आधी हार मानतात; जाड पानांच्या, संथ जाती तग धरतात. आपल्या वृक्षलागवडीला मात्र घाई असते. २०१९ च्या एका हंगामासाठी राज्याने ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले होते. एवढी रोपे एकदम हवी असली, की रोपवाटिकेत लवकर वाढणाऱ्या जातींचे फावते आणि सावकाश वाढणारी स्थानिक झाडे मागे पडतात.

वनखात्याने लागवडीच्या जाती निवडताना पानाची उष्णता सोसण्याची ताकद हा निकष धरावा. अशी मोजणी पुण्यातच झाली आहे. ती विदर्भ-मराठवाड्यातल्या आणखी जातींसाठी करून घ्यावी. आणि जगलेल्या रोपांची मोजदाद मेअखेरीस, जातवार करून लोकांसमोर ठेवावी.