रोग रेड्याला, औषध पखालीला

आमच्या शहापूर-मुरबाड भागातल्या मोबाईलच्या दुकानांत हल्ली एकच रामबाण औषध मिळते. फोन लागत नाही, नेट चालत नाही, ब्ल्यूटूथ जुळत नाही, तक्रार कोणतीही असो. दुकानातला मुलगा फोन हातात घेतो, अंगठा भराभर फिरवतो आणि सांगतो, "काका, नेटवर्क सेटिंग रीसेट केलंय, आता चालेल." काका खूष होऊन घरी जातात. कधी फोन खरेच चालतो. कधी चालत तर नाहीच, वर घरचे वायफायसुद्धा बंद पडलेले असते!

माझे म्हणणे एवढेच की औषध खोटे नाही, पण ते कोणत्या दुखण्यावरचे आहे हे आधी पाहावे.

हे रीसेट म्हणजे नेमके काय? आपला फोन बऱ्याच गोष्टी लक्षात ठेवत असतो. कोणत्या वायफायचा पासवर्ड काय, कोणते ब्ल्यूटूथ यंत्र ओळखीचे, मोबाईल कंपनीच्या इंटरनेटकडे जायचा पत्ता कोणता (याला एपीएन म्हणतात). यातली एखादी नोंद बिघडली की फोन चुकीच्या दारावर टकटक करत बसतो. रीसेट केले की या सगळ्या नोंदी पुसल्या जातात आणि फोन कोऱ्या पाटीवर पुन्हा लिहायला लागतो. फोटो, फोन नंबर, निरोप यांना धक्का लागत नाही. मात्र वायफायचे पासवर्ड जातात आणि ब्ल्यूटूथच्या जोड्या तुटतात. ज्या आजोबांचे श्रवणयंत्र ब्ल्यूटूथने फोनला जोडलेले आहे, त्यांना ते पुन्हा जोडून घ्यावे लागते. आणखी एक धोका सांगतो. पुष्कळ फोनांत याच पानावर 'फॅक्टरी रीसेट' अशीही ओळ असते. ती दाबून पुढे होय म्हटले, तर फोनमधले सगळेच साफ होते. तेव्हा ओळ वाचल्याशिवाय बोट लावू नये.

म्हणून आधी साधे उपाय करावेत. विमानाचे चित्र असते ते एअरप्लेन मोड अर्धा मिनिट चालू करून बंद करावे. फोन बंद करून पुन्हा सुरू करावा. मोबाईल डेटा चालू आहे का, रिचार्ज संपले आहे का, तारीख-वेळ बरोबर आहे का, हे बघावे. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहावे. आणि सर्वात सोपी परीक्षा म्हणजे शेजाऱ्याला विचारावे. त्याच कंपनीचा त्याचाही फोन बंद असेल, तर दोष आपल्या फोनचा नाही. पडद्यावर 'फक्त आणीबाणीचे कॉल' असे दिसत असेल, तर फोनला कोणता तरी मनोरा ऐकू येतो आहे, पण आपल्या कंपनीशी त्याची गाठ पडलेली नाही असे समजावे. एवढे करूनही शेजाऱ्याचा फोन चालतो आणि आपलाच अडतो, अशी खात्री पटली की मग खुशाल रीसेट करावे.

आमच्याकडे मात्र पुष्कळदा दुखणे फोनच्या बाहेरच असते. हा सह्याद्रीच्या पायथ्याचा मुलूख. माहुली, आजोबा, सिद्धगड, गोरखगड असे डोंगर आडवे उभे, त्यामागच्या पाड्यांवर मनोऱ्याच्या लहरी पोचायच्या कशा? पावसाळ्यात वीज गेली की मनोऱ्याची बॅटरी काही काळ तग धरते, मग तोही मुका होतो. अशा वेळी फोन दहा वेळा रीसेट केला तरी काय उपयोग? रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

मुरबाड तालुक्यातले धसई गाव वाचकांना आठवत असेल. नोटाबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या हस्ते तिथे राज्यातल्या पहिल्या रोकडरहित गावाची सुरुवात झाली. बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना कार्ड घासायची यंत्रे दिली. कल्पना चांगलीच होती. पण दुकानात यंत्र आले तरी त्याला नेटवर्क लागतेच. ते नसेल तर वडापाववाल्यालाही रोख पैसेच मागावे लागतात. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये देशातल्या २४,६८० गावांत ४जी पोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे दोष सगळा आमच्या फोनांतच नाही, हे सरकारलाही मान्य आहे.

मग मला खटकते ते हे. प्रत्येक वेळी फोनच रीसेट करत बसले की तक्रार कोणाची नोंदच होत नाही. म्हातारा माणूस समजतो, आपल्यालाच काही येत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा दुकानाची पायरी चढतो. इकडे बँकेचा ओटीपी येत नाही, पेन्शनवाल्याचा हयातीचा दाखला अडतो. बाळंतिणीसाठी १०८ ची गाडी बोलवायची तर कोणी तरी रेंज शोधत टेकडीवर धावतो. ही गैरसोय म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. शेजारीपाजारी सगळ्यांचेच फोन बंद पडत असतील, तर रेंज असेल तिथून १९८ वर तक्रार करावी आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. एकट्याने नव्हे, दहा घरांनी करावी. ग्रामसभेतही विषय काढावा.

"आता या वयात हे कुठे शिकायचे?" असे माझ्या वयाची मंडळी म्हणतात. त्यांना मी फांगण्याचे उदाहरण देतो. याच मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून अक्षरे गिरवायला बसल्या. त्यांनी मुळाक्षरांपासून सुरुवात केली. आपल्याला तर चार साध्या परीक्षाच शिकायच्या आहेत.

या चार परीक्षा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या डबीत ठेवा. वायफायचा पासवर्डही त्याच कागदाच्या मागे लिहा, रीसेट करायची वेळ आलीच तर शोधाशोध नको. आणि दुकानातल्या मुलाच्या हातात फोन देण्याआधी एकदा शेजारच्या दारात जाऊन विचारा, "तुमचा लागतोय का हो?"