दिवस मोजा, देश नकोत!

‘दहा दिवसांत सहा देश!’ अशी जाहिरात वाचली की आपल्याकडे घरोघरी कॅल्क्युलेटर बाहेर निघतो. आमच्याकडेही निघालाय. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत आणि फंडातल्या पैशांतून आईला युरोप दाखवायचं ठरलंय. माझं मत घरी कुणी विचारलेलं नाही, म्हणून इथे मांडते!

गणित सोपं आहे. दहातला पहिला आणि शेवटचा दिवस विमानात नि एअरपोर्टवर जातो (रत्नागिरी-मुंबई वेगळंच). उरले आठ. सहातला एक देश बहुतेक व्हॅटिकन असतो. तो तर रोम शहराच्या पोटातच आहे, अर्धा चौरस किलोमीटरसुद्धा नाही! बाकीच्या पाच देशांसाठी चार वेळा बॅगा भरायच्या, प्रत्येक वेळी निदान अर्धा दिवस गेला. राहिले सहा. त्यातच झोप, जेवण आणि चॉकलेटची खरेदी. त्यातून पॅरिस मंगळवारी आलं तर लूव्र म्युझियम बंद!

मग लोक असं का करतात? एक तर शेंगेन व्हिसा एकच आणि तो 29 देशांत चालतो, मग सोडा कशाला? पण खरं कारण वेगळं आहे. ‘आपण पुन्हा कुठे जाणार?’ हे आईचं वाक्य ऐकलं की मी गप्प होते, कारण ते खोटं नाही. 1984 साली सुरू झालेल्या ‘केसरी’सारख्या कंपन्यांनी मराठी माणसाला परदेशी जायचं धाडस दिलं, तेही जेवणाखाणाच्या काळजीशिवाय. हे मी मानतेच.

पण एकदाच जायचं असेल, तर धावत कशाला जायचं? आपल्या रत्नागिरीचंच बघा ना. सकाळी गणपतीपुळे, दुपारी थिबा पॅलेस, मग रत्नदुर्ग आणि अंधार पडायच्या आत पावस, अशा टूरच्या बसेस आपण रोज बघतो. थिबा राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये इथे आणलं. 1916 मध्ये तो इथेच वारला. त्याच्या तीस वर्षांना ही मंडळी देतात वीस मिनिटं! आपण हॉस्टेलवाले त्यांना हसतो. मग पॅरिसवाले आपल्याला का हसणार नाहीत?

माझा फॉर्म्युला असा: आधी सुट्टी मोजा, त्यातून प्रवास वजा करा, उरलेल्या दर तीन रात्रींना एक शहर द्या. दहा दिवसांत दोन देश पुष्कळ झाले. आणि एक दुपार मुद्दाम रिकामी ठेवा, नुसतं बाकावर बसायला.

मित्रांनो, हे आपल्यालाही लागू आहे. सेमच्या सुट्टीत नेपाळला जायला पासपोर्टसुद्धा लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. पण आठ दिवस हातात असतील तर काठमांडू, पोखरा, लुंबिनी आणि वर भूतान असला बेत करू नका. काठमांडूच बघा, पण असं बघा की परत आल्यावर कुणी विचारलं, तर फोटो न काढता तासभर बोलता आलं पाहिजे.