नॉर्मल रिपोर्टचं दुखणं

सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखलं आणि संध्याकाळी तेच पोरगं क्रिकेट खेळायला खाली पळालं, की घरच्या कोर्टात निकाल लागतो: नाटक! त्याआधी आजीनं बेंबी सरकल्याचं निदान केलेलं असतं, कुणी जंतांचं औषध देऊन पाहिलेलं असतं. सोनोग्राफीही होते. तिचा रिपोर्ट नॉर्मल आला की नाटकाच्या आरोपावर शिक्काच बसतो. पुढच्या महिन्यात मूल पुन्हा पोट धरून कण्हायला लागतं, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायला कुणी उरलेलं नसतं.

पोटातली अर्धशिशी किंवा ॲब्डॉमिनल मायग्रेन हा खराखुरा आजार आहे. बेंबीच्या आसपास तीव्र कळ येते, ती किमान तासभर आणि कधी दोन-तीन दिवसही टिकते. चेहरा पांढराफटक पडतो, अन्न नको होतं, मळमळतं, उलट्या होतात, काहींना उजेडही सहन होत नाही. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन शहरातल्या शाळकरी मुलांची पाहणी 1995 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा शंभरातल्या साधारण चार मुलांत हा त्रास आढळला होता. आई-वडिलांपैकी कुणाला अर्धशिशी असण्याची शक्यता या मुलांत जास्त असते. पोट दुखायचं थांबल्यावर पुढे अनेकांचं डोकं दुखू लागतं.

गंमत अशी, की घरच्यांना जो लबाडीचा पुरावा वाटतो, त्यावरूनच डॉक्टर हा आजार ओळखतात. झोपून उठल्यावर मूल टुणटुणीत होणं, दोन झटक्यांच्या मधले आठवडे किंवा महिने त्याला काहीही न होणं, प्रत्येक झटका आधीच्यासारखाच असणं आणि तपासण्यांत काही न सापडणं, ही सगळी या आजाराचीच खूण. परीक्षेच्या दिवशीच दुखतं हेही खरं असतं, कारण ताणानं झटका येऊ शकतो. सहलीच्या आनंदानंही येतो, पण ते कुणी लक्षात ठेवत नाही.

म्हणून पहिला उपाय म्हणजे वही. झटका कधी आला, किती वेळ टिकला, आदल्या रात्री मूल किती झोपलं, सकाळी काही खाल्लं होतं का, एवढं लिहून ठेवलं तर डॉक्टरांना निदान करणं सोपं जातं. बहुतेक वेळा जागरण, उपाशी पोट, प्रवास, रखरखीत ऊन यांतलं काहीतरी त्या वहीत पुन्हा पुन्हा दिसतं. कळ सुरू होताच अंधाऱ्या, शांत खोलीत निजवावं आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेलं वेदनाशामक लगेच द्यावं. झटके वारंवार येत असतील तर ते टाळणारी औषधंही असतात. ती डॉक्टरांनीच ठरवायची. मात्र वजन घटणं, हिरवी उलटी, शौचातून रक्त, ताप, पोटाच्या उजव्या बाजूला खाली दुखणं किंवा दुखण्यानं रात्री झोपमोड होणं यांपैकी काहीही दिसलं तर अर्धशिशीच्या नावावर खपवू नये, तडक दवाखाना गाठावा.

आता शाळेविषयी. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं राज्य सरकारनं 2024 साली सांगितलं, ते मुलांची झोप पुरी होत नाही म्हणूनच. तरीही न खाता, डोळे चोळत स्कूलबसमध्ये चढणारी मुलं आजही दिसतात. कळ आलेल्या मुलाला तासभर आडवं होता येईल अशी एखादी खोली आणि मधल्या सुट्टीआधी दोन घास खाण्याची मुभा, एवढं देणं कुठल्याही शाळेला अवघड नाही. त्यासोबत शंभर टक्के हजेरीचं बक्षीसही बंद करावं. आजारी न पडल्याबद्दल टाळ्या वाजवणारी शाळा बाकीच्या मुलांना दुखणं लपवायला शिकवते, आणि जे लपवू शकत नाही त्याला खोटारडं ठरवते.