सोलर म्हणजे फक्त पॅनेल नव्हे!

कांद्याचा भाव पडला की दरवर्षी तेच. रस्त्यावर ओतलेला कांदा, टीव्हीवर चर्चा, निर्यातीवरून भांडण, आणि शेवटी कुणीतरी शहाणा म्हणतो, "प्रक्रिया उद्योग उभारा." बरं, उभारू. पण प्रकल्प अहवाल उघडला की पहिल्या पानावर बॉयलर नाहीतर विजेचा ड्रायर. म्हणजे उन्हाळ कांदा निघतो तेव्हा, एप्रिल-मेच्या भर उन्हात, आपण लाकूड, डिझेल किंवा वीज जाळून त्यातलं पाणी उडवायचं!

आमच्याकडच्या एका बचत गटानं सोलर ड्रायरची चौकशी केली, तर सल्लागार साहेब म्हणाले, "पॅनेल बसवा आणि त्यावर हीटर चालवा." अहो, पॅनेल उन्हातला जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलतं. त्या विजेची पुन्हा उष्णता कशाला करायची? ऊन ही उष्णताच आहे की. छोटा पंखा चालवायला पॅनेल लावा, माझी हरकत नाही.

हिशोब साधा आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.६३ युनिट ऊर्जा लागते. उन्हाळ्यात आपल्याकडे एका चौरस मीटरवर दिवसाला सहाएक युनिट ऊन पडतं. ड्रायरनं त्यातलं तिसरा हिस्सा वापरलं तरी अडीच-तीन लिटर पाणी उडतं. शंभर किलो कांद्यात पाणीच ८५ किलोच्या आसपास. म्हणजे तीस-पस्तीस चौरस मीटरचा पॉलिथिनचा बोगदा रोज क्विंटलभर काप वाळवू शकतो. शेवटचा ओलावा चिवट असतो, म्हणून दोन दिवस धरा.

आणि नुसतं तापवणं हा मुद्दा नाहीच. ३० अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा ४५ अंशांवर नेली की आर्द्रता २७ टक्क्यांवर येते. तीच हवा, पण आता तहानलेली. ती वरच्या धुराड्यातून निघून जाते, खालून नवी येते. धूळ नाही, माशी नाही.

"हे प्रयोगापुरतं ठीक" म्हणणाऱ्यांनी तासगावला जाऊन यावं. तिथं बेदाणा शेडमध्ये जाळ्यांवर, सावलीत, वाऱ्यावर सुकतो. हा खेळ आहे का? एस४एस टेक्नॉलॉजीज ही महाराष्ट्रातल्या शेतकरी बायकांसोबत सौर ड्रायरवर काम करणारी कंपनी. तिला २०२३ चं अर्थशॉट पारितोषिक मिळालं. जगानं दखल घेतली, आपण अजून कोटेशन मागवतोय.

अडचणी आहेत, हो. बेदाण्याचं अवकाळीनं काय होतं ते सांगलीकरांना विचारा. पावसाळ्यात हे चालत नाही. कारखान्यांना पांढरा कांदा हवा असतो, आपला लाल त्यांना फारसा नको असतो. लासलगावची सगळी आवक यानं सुकेल असंही मी म्हणत नाही. पण घाटावरच्या कांदा-लसूण मसाल्याला वाळलेला कांदा लागतोच ना? आणि पडलेल्या भावात शेवटचे दहा-वीस क्विंटल जरी घरात थांबवता आले, तरी व्यापाऱ्यासमोर उभं राहण्याची तऱ्हा बदलते.

मागणी एवढीच. कांदाचाळीला देता तसं ड्रायरच्या चौरस मीटरवर अनुदान द्या, आणि ते थेट गटाच्या खात्यात, मार्चच्या आधी. कागदावर योजना असेलही. जूनमध्ये मंजूर झालेला ड्रायर घेऊन त्या बायकांनी करायचं काय?