चिचोलीच्या शांतिवनातील ठेवा जपा!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत, २६ अलीपूर रोडवरच्या निवासस्थानी झाले. त्या जागी २०१८ पासून उघड्या ग्रंथाच्या आकाराचे भव्य स्मारक उभे आहे. लंडनला शिकत असताना १९२१-२२ मध्ये ते राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. तिथे संग्रहालय चालवण्याच्या परवानगीचा वाद थेट २०२० पर्यंत चालला, पण शासनाने माघार घेतली नाही. योग्यच केले. मात्र बाबासाहेबांच्या अंगावरचे कपडे, त्यांचा टाइपरायटर, रोजच्या वापरातल्या वस्तू आपल्याच नागपूर-काटोल रस्त्यावर, चिचोलीच्या शांतिवनात आहेत. नागपूरच्या धम्मदीक्षा सोहळ्यासाठी राबलेल्या वामनराव गोडबोले यांनी त्या बाबासाहेबांचे स्वीय सचिव नानकचंद रत्तू यांच्याकडून मिळवल्या. आमची मागणी स्पष्ट आहे: नव्या बांधकामाचा विचार करण्याआधी या वस्तूंच्या जतनाची कायमची तजवीज करा.

भिंत पडली तर पुन्हा बांधता येते, विरलेला कोट पुन्हा विणता येत नाही. लोकरीला कसर लागते. खुंटीवर वर्षानुवर्षे टांगलेल्या कोटाचा सगळा भार खांद्याच्या शिवणीवर येतो आणि कापड तिथेच आधी फाटते. उजेडाने रंग उडतो, म्हणून जुन्या कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देऊ नये, असा संग्रहालयांचा दंडक आहे. त्यात आपल्याकडचा उन्हाळा ४५ अंशांचा, आणि त्यापाठोपाठ पावसाळ्याची ओल नि बुरशी. जतनाचे काम एकदा रसायन लावून संपत नाही. त्याला बारा महिने प्रशिक्षित माणूस लागतो.

कोणी म्हणेल, बाबासाहेब विचारांत आहेत, कपड्यांत काय? विचार ग्रंथांतूनच घ्यायचे, हे मान्य. पण ग्रंथाच्या हजारो प्रती निघतात, या वस्तू एकेकच आहेत. दुसरा आक्षेप असा, की हे सारे शहरात हलवावे, म्हणजे लोक जास्त येतील. मग गांधीजींचे सेवाग्राम पाहा. वर्ध्याबाहेरच्या त्या कुडामातीच्या कुटीपर्यंत लोक आजही पोचतात. मात्र तिथूनच गांधीजींचा चष्मा चोरीला गेल्याचे २०११ साली उघड झाले, हेही विसरू नका. म्हणून प्रत्येक वस्तूची छायाचित्रासह जाहीर नोंद, पूर्णवेळ जतनतज्ज्ञ आणि त्यासाठी दरवर्षीची स्वतंत्र तरतूद, एवढे शासनाने लेखी द्यावे. तसा ठराव काटोल नगरपरिषदेने आणि तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामसभेने करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा.