तीन तासांची गुणवत्ता

बारावीला 92 टक्के आणि नीटला 400. हे दोन कागद घेऊन मूल समोर उभं राहिलं की काका-मामा निकाल देऊन मोकळे होतात, ‘एमपी बोर्ड ना? तिथे मार्क उधळतात.’ चूक दुसऱ्या कागदाची असेल, ही शंका कुणाला शिवतही नाही. बारावीला फिजिक्स शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून ती मी घेतो.

वर्षभर प्रॅक्टिकल केली, डेरिव्हेशन पायरी-पायरीने मांडलं, आपल्या शब्दांत उत्तर लिहिलं. प्रवेशाच्या यादीत त्याची किंमत शून्य. मिनिटभरात चारपैकी एक गोल काळा केला की ती गुणवत्ता! ही हातचलाखी शाळा शिकवत नाही. ती इथे जबलपुरात राइट टाउन-नेपियर टाउनच्या कोचिंगमध्ये विकत मिळते आणि ऐपत जास्त असेल तर कोट्याला. दयोदय एक्सप्रेस थेट नेऊन सोडते. सोय चोख आहे. जिल्ह्यातल्या सिहोरा-पाटणच्या शेतकऱ्याच्या मुलीने कोचिंगची फी कुठून आणायची, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘पेपर सगळ्यांना सारखाच असतो ना!’ पेपर सारखा असतो, हो. तयारी कुणाच्या पैशाने झाली ते पेपरावर छापत नाहीत. ज्यांच्याकडे पैसा आहे ते तर डमी शाळेत नुसतं नाव घालतात आणि वर्गाचं तोंडही बघत नाहीत. तरी संशय कुणावर? जी रोज वर्गात बसली तिच्यावर.

एकच परीक्षा म्हणजे स्वच्छ कारभार, हे निदान मध्य प्रदेशात कुणी सांगू नये. राज्याच्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा, पीएमटीचा, व्यापमं घोटाळा 2013 मध्ये इथेच फुटला. त्यानंतर ती परीक्षा घेणाऱ्या व्यापमं मंडळाचं नाव तेवढं बदलत गेलं. परीक्षा देशपातळीवर नेऊन काय साधलं? 4 जून 2024 ला, लोकसभेच्या मतमोजणीच्या गदारोळात, नीटचा निकाल लागला आणि 67 जणांना 720 पैकी 720! पेपरफुटीची चौकशी सीबीआयकडे गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ग्रेस मार्क मिळालेल्या 1563 जणांचे ते मार्क रद्द झाले. तरीही ही परीक्षा पवित्र आणि बोर्ड संशयित.

बोर्डाचे मार्क धुतल्या तांदळासारखे आहेत, असं मी म्हणत नाही. 2021 मध्ये दिल्लीत काही कॉलेजांचा कटऑफ 100 टक्क्यांवर गेला, तो वेडेपणाच होता. पण त्यावर इलाज होता आणि तो वापरूनही झाला होता. विद्यार्थ्याची तुलना त्याच्याच बोर्डातल्या मुलांशी करायची, म्हणजे पर्सेंटाइल काढायचा. जेईई मेनच्या रँकमध्ये 2013 ते 2016 बारावीला असं 40 टक्के वजन होतं. 2017 पासून ते काढून टाकलं आणि बारावी राहिली नुसती पात्रतेची अट. 2022 मध्ये केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा आली आणि दिल्ली विद्यापीठानेही तोच कित्ता गिरवला.

गंमत म्हणजे मैदान सपाट नाही, हे सरकारलाही ठाऊक आहे. नाहीतर सरकारी शाळांतल्या मुलांसाठी मध्य प्रदेशाने 2023 मध्ये एमबीबीएसच्या 5 टक्के जागा राखल्याच नसत्या. पण त्या जागांसाठीही क्रम लागतो तो नीटचाच!

आणि इंजिनिअरिंग? राज्याच्या काउन्सेलिंगमध्ये आधी जेईईवाले बसतात. जागा रिकाम्या राहिल्या की मग बारावीच्या मार्कांची आठवण होते. कॉलेजांना खुर्च्या भरायच्या असतात तेव्हा हेच मार्क विश्वासार्ह ठरतात. नंतरच्या फेरीत जी मुलगी बारावीच्या मार्कांवर इंजिनिअर व्हायला लायक ठरते, ती पहिल्या फेरीतही लायकच होती. बारावीचं ते 40 टक्के वजन परत आणा.